घारापुरीची मागली बाजू



दरवर्षी डिसेंबर उजाडला की आपल्या वणीच्या स्टेशनावर एक वेगळी गर्दी दिसते. पांढरं लुगडं, पिशवीत दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी, ठेच्याचा डबा, एका हाताला लेकरू. नंदिग्राम एक्स्प्रेस येते आणि ही गर्दी पोटात घेऊन मुंबईकडे निघून जाते. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायचं, पुस्तकांच्या दुकानांतून फिरायचं, आणि एखादा दिवस हाताशी उरला तर मुंबई पाहायची. मुंबई पाहायची म्हणजे गेटवे. गेटवेला गेलं की बोटी उभ्याच असतात. "चला एलिफंटा, एलिफंटा!"

माझ्या ओळखीच्या पाच-सहा जणी अशाच जाऊन आल्या. मी विचारलं, काय पाहिलं? म्हणाल्या, "समुद्र पाहिला. तीन तोंडांचा महादेव पाहिला. माकडानं काकडी पळवली, ते पाहिलं." मी म्हटलं, आणि स्तूप? त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. "कोणता स्तूप?"

आजचं बोलणं त्या एका प्रश्नावर आहे. सहा डिसेंबरला आठ-नऊशे किलोमीटर जाणाऱ्या बाया एका बेटावर उतरतात, त्या बेटावर दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप आहे, आणि त्या तो न पाहता, त्याचं नावही न ऐकता परत येतात. चूक त्यांची नाही. त्यांना कोणी दाखवलाच नाही.

बेटाचं खरं नाव घारापुरी. एलिफंटा हे पोर्तुगीजांनी ठेवलेलं नाव, ते कसं पडलं ते पुढे सांगते. मुंबईच्या गेटवेपासून बोटीनं तासाभराचं अंतर. पण बेट मुंबईत मोडत नाही. ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे, आणि तिथे आपल्यासारखीच ग्रामपंचायत आहे. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण ज्याला "पाहायचं ठिकाण" म्हणतो ते कोणाचं तरी गाव आहे. हजार-बाराशे वस्तीचं. गावाचे तीन भाग: शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. आगरी-कोळी माणसं, भातशेती, मासेमारी, होड्यांची डागडुजी, आणि आता पाहुण्यांच्या जिवावरची दुकानदारी.

बोट लागते ती शेतबंदराकडे. तिथून छोटी गाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-बांगड्यांची दुकानं, कैरी आणि बोरं घेऊन बसलेल्या बाया. वर पोचलं की पहिलं लेणं. आत समोरच्या भिंतीवर अठराएक फूट उंचीचा सदाशिव, ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. ते शिल्प पाहून कोणीही गप्प होईल, त्यात काही शंका नाही. शिव-पार्वतीचं लग्न आहे, अर्धनारीश्वर आहे, नटराज आहे. १९८७ मध्ये या लेण्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. या सगळ्याबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे, गाईडही पुष्कळ सांगतात, म्हणून मी इथेच आवरतं घेते. एवढंच सांगते की याच लेण्याच्या पूर्वेच्या अंगणात बाजूला एक छोटं देवघर आहे, तिथे भिंतीवर मातृकांची रांग आहे. बऱ्याच झिजल्या-फुटल्या आहेत. आपल्याकडे डोहाच्या काठाला शेंदूर लावलेल्या साती आसरा असतात. त्या वेगळ्या, या वेगळ्या. पण रांगेनं बसलेल्या बाया पाहिल्या की आपल्या बाईला परकं वाटत नाही. बहुतेक लोक तिथपर्यंतही जात नाहीत. त्रिमूर्तीपुढे फोटो झाला की परत पायऱ्या.

आता बेटाची रचना डोळ्यांपुढे आणा. दोन टेकड्या आहेत, मधे घळ आहे. आपण पाहतो ती पाच लेणी पश्चिमेच्या टेकडीवर. घळीच्या पलीकडे पूर्वेची टेकडी. ती उंच आहे, माथा १७३ मीटरवर. तिचं नावच स्तूप टेकडी. तिच्या माथ्यावर विटा-मातीचा मोठा ढिगारा आहे. अनोळखी माणूस म्हणेल, हे काय, टेकाड. पण तो स्तूप आहे. त्याच्याभोवती लहान स्तूपांचे सात अवशेष नोंदलेले आहेत. हा मोठा स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. म्हणजे समोरच्या टेकडीवर महादेवाचं लेणं कोरलं गेलं ते इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्यास, असं धरलं तर स्तूप त्याच्या सहा-सातशे वर्षं आधी तिथे उभा होता.

सहा-सातशे वर्षं! आज आपण शिवाजी महाराजांच्या काळापासून जेवढ्या लांब आहोत त्याच्या दुप्पट अंतर झालं हे. टाकी घेऊन महादेव कोरायला बसलेल्या कारागिराला समोरचा स्तूप जुनापुराणा वाटत असणार. घारापुरीचा इतिहास कोणी सांगायला लागलं की तो महादेवापासून सुरू होतो. खरा पहिला धडा मात्र घळीपलीकडे आहे, आणि तिकडे पायऱ्याही नाहीत, दुकानंही नाहीत.

स्तूप टेकडीच्या वाटेवर दोन लेणी आहेत. दुसरं छोटं, अर्धवट सोडलेलं. त्याच्या पलीकडे कोरडं पडलेलं तळं आहे आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. इतिहासाच्या पुस्तकात अशा टाक्यांना एखादी ओळ मिळते. पण ज्या बाईनं उन्हाळ्यात पाण्यासाठी कोस-दीड कोस पाय तुडवले आहेत तिला विचारा, मूर्ती आधी की टाकं आधी. चारही बाजूंनी खारं पाणी, वर एवढं मोठं ठाणं, भिक्खू आणि येणारे-जाणारे. आधी पाऊस साठवायची सोय केली, तेव्हाच बाकीचं झालं. आजही बेटाला दोन टेकड्यांच्या मधे अडवून धरलेल्या पावसाच्या पाण्याचा आधार आहे. दोन हजार वर्षांत ही अडचण बदललेली नाही.

आणि पहिलं लेणं? त्याला गावातली माणसं म्हणतात, सीताबाईचं देऊळ.

समोर खांबांची पडवी, मागे तीन खोल्या, मधली गाभाऱ्याची. पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं होतं असंही सांगतात. म्हणजे राज्यं बदलली, देव बदलले. पण नाव राहिलं सीताबाईचं. समोरच्या टेकडीवर एवढा भव्य महादेव असताना पलीकडच्या ओसाड लेण्याला बाईचं नाव चिकटलं आणि ते पिढ्यान् पिढ्या तोंडातोंडी टिकलं. सीतामाई नाही, देवी सीता नाही. सीताबाई. शेजारच्या घरची असावी तशी.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपली रावेरी आठवली. आपल्याच जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे, आणि त्यात राम नाही. एकटी सीता. आपल्यापैकी काही जणी तिथे जाऊन आल्या असतील. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: रामानं सोडल्यावर गरोदर सीता इथे आली, इथेच लव-कुश झाले, बाळंतिणीनं गावात पसाभर गहू मागितले, कोणी दिले नाहीत, तेव्हा ती म्हणाली, तुमच्या गावात गहू पिकणार नाही. ही झाली लोककथा. तिचा पुरावा कोणी मागू नये आणि मी देतही नाही. पण त्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार शरद जोशींच्या पुढाकारानं झाला, शेतकरी संघटनेच्या बाया त्यात होत्या, हा इतिहास आहे. नवऱ्यानं टाकलेल्या, नावावर वितभर जमीन नसलेल्या बायांची आई म्हणून त्यांनी सीतेकडे पाहिलं. याच संघटनेनं लक्ष्मीमुक्ती नावाचं काम चालवलं होतं, ज्यात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून दिला. सातबाऱ्यावर नाव लागलं. तुमच्यातल्या किती जणींच्या सासूचं नाव असं लागलं होतं, कधी विचारून पाहा.

घारापुरीच्या सीताबाईची आणि रावेरीच्या सीतेची गोष्ट एक आहे असं माझं म्हणणं नाही. तसं म्हणायला आधार नाही. पण महाराष्ट्रात जिथे जिथे सीतेची न्हाणी आहे, सीतेची चूल आहे, तिथे तिथे एक खूण दिसते. ती जागा मुख्य रस्त्यावर नसते. रानात असते, ओढ्याच्या पलीकडे असते, टेकडीच्या मागल्या अंगाला असते. घर सुटलेल्या बाईला लोकांनी आपल्या आठवणीत जागा दिली ती तिकडेच. घारापुरीलाही ती मागल्या टेकडीवरच आहे.

टेकडी उतरून खाली पूर्वेकडे गेलं की मोराबंदर. हे नाव आज वाचलं की वाटतं, झोपड्या आणि चार होड्या असतील. पण बंदर हा शब्द उगीच आलेला नाही. तीन वस्त्यांच्या तिन्ही नावांत बंदर आहे. मोराबंदराच्या किनाऱ्यावर अभ्यासकांना जुन्या विटांची बांधकामं सापडली आणि रोमन मद्यकुंभांची खापरं सापडली. मद्यकुंभ म्हणजे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे उंच रांजण. भूमध्य समुद्राकडून येणारी जहाजं त्यांत दारू, तेल भरून आणत. म्हणजे आज जिथे पर्यटक फिरकत नाही तिथे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी माल उतरत होता. आज जी मागली बाजू आहे ती त्या काळी पुढली बाजू होती! जहाज जिकडे लागेल तिकडे दार.

त्या व्यापारात आपल्या भागाचं काय होतं? त्याच काळातल्या एका ग्रीक दर्यावर्दी माणसानं अरबी समुद्रातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात तो सांगतो, पैठण आणि तेर या गावांहून माल गाड्यांत घालून भडोच बंदराकडे जातो, आणि तेरच्या मालात साधं सुती कापड पुष्कळ असतं. साधं कापड, म्हणजे रोजच्या वापरातलं. ते सूत कोणी कातलं असेल, हे त्यानं लिहिलं नाही. आपण कापसाच्या मुलखातल्या. आपल्याला ते कोणी सांगायला नको.

नाण्यांची गोष्टही अशीच आहे. बेटावर कृष्णराज नावाच्या कलचुरी राजाची नाणी सापडली. सहाव्या शतकातला राजा. त्याच्या नाण्यांमुळेच मुख्य लेणं त्या काळातलं असावं असं बरेच अभ्यासक धरतात. पण ही नाणी सोन्याची नाहीत. हलकी, कमी किमतीची, तांब्याची. काहींनी तर्क केला की ही लेणं कोरणाऱ्या मजुरांना वाटलेली मजुरी असावी. मला हा तर्क पटतो, कारण राजा देवाला दान देईल ते सोन्यात देईल, चिल्लर लागते ती रोजंदारी वाटायला. रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईला हे लगेच कळेल. काळ्या पाषाणाचा डोंगर फोडून सत्तावीस मीटर लांब-रुंद दालन कोरायचं, तर कोरणारे किती, निघालेला दगड वाहणारे किती, त्यांना भाकरी-पाणी करणारे किती. आपल्या दारावर पाट्याला टाकी लावायला बाई यायची, ती एका पाट्याला किती वेळ लावायची ते आठवा आणि हिशोब करा. त्या लेण्याचं हजेरीपत्रक मिळालं असतं तर मी त्रिमूर्तीआधी ते वाचलं असतं.

लेण्याचा एक कागद मात्र खरोखर होता. कागद म्हणजे शिलालेख. पोर्तुगीजांच्या ताब्यात हे बेट १५३४ मध्ये गेलं. त्यांच्या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे की लेण्यात अक्षरं कोरलेली शिळा होती, ती इथे कोणाला वाचता आली नाही म्हणून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवली. तिथेही वाचली गेली नाही आणि शेवटी हरवली. लेणं कोणी केलं, कोणाच्या पैशानं केलं, हे त्यावर असू शकलं असतं. आपल्याला न वाचता येणारी वस्तू आपल्या मालकीची समजून उचलून न्यायची आणि मग हरवायची, ही त्या काळच्या साहेबांची रीतच होती.

हत्तीचंही तसंच. राजबंदराच्या बाजूला किनाऱ्याजवळ एकाच दगडातला मोठा हत्ती उभा होता. पोर्तुगीज त्या बाजूनं आले, त्यांना पहिला दिसला हत्ती, म्हणून नाव एलिफंटा. म्हणजे बेटाचं परदेशी नाव पडलं तेही आजच्या पर्यटकाच्या वाटेवरून नाही, दुसऱ्या बाजूवरून. १८१४ मध्ये त्या हत्तीची मान आणि डोकं कोसळलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून टाकले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले. आज तो हत्ती तिथेच, जिजामाता उद्यानात, संग्रहालयाच्या बाजूला उभा आहे. बेटावर एक दगडी घोडाही होता असं जुन्या इंग्रज प्रवाशांनी लिहिलं आहे. त्याचा तर तुकडाही उरलेला नाही. ज्या प्राण्यावरून बेटाला जगात ओळख मिळाली तो प्राणी बेटावर नाही. वस्तीतल्या माणसांनी मात्र नाव सोडलं नाही. त्यांना विचारा, ते घारापुरीच म्हणतील.

१८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्या सन्मानाची मेजवानी याच लेण्यात झाली. लेणं दिव्यांनी उजळलं. मैत्रिणींनो, हे साल लक्षात ठेवा. १८७५. आणि आता दुसरी तारीख सांगते: २२ फेब्रुवारी २०१८. त्या दिवशी घारापुरीच्या घराघरांत वीज आली.

या दोन तारखांच्या मधे १४२ वर्षं आहेत. पाहुण्यांसाठी दिवे, घरच्यांना रॉकेल. बेटावरून मुंबई दिसते. रात्री पश्चिमेला पाहावं तर सगळं शहर झगमगतंय. पूर्वेला १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं मोठं बंदर सुरू झालं, तिथे रात्रभर दिवे आणि क्रेन चालू. दोन्हीकडे उजेड आणि मधे अंधार. संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा, तेवढ्यात पोरांचा अभ्यास, चक्कीचं दळण, सगळं उरकायचं. नंतर कंदील. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकली, सुमारे २५ कोटी रुपये खर्च आला, तीन वस्त्यांसाठी तीन ट्रान्सफॉर्मर बसले, तेव्हा हा प्रश्न सुटला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, सत्तर वर्षांनी वीज. ते स्वातंत्र्यापासून मोजत होते. मी युवराजाच्या मेजवानीपासून मोजते.

हे मी वणीत बसून बोलते याला कारण आहे. आपल्या वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यातून कोळसा निघतो. त्यावर वीज होते. ती शहरांकडे जाते. खाणीच्या कडेला राहणाऱ्या बाईच्या घरावर काळी धूळ असते आणि भरदुपारी लोडशेडिंगही असतं, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलं आहे. उजेडाच्या शेजारी राहूनही अंधारात असणं म्हणजे काय, हे घारापुरीच्या बाईला आणि आपल्याला एकमेकींना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

केबलचं नंतर काय झालं? फ्रीज आले, थंड पाण्याच्या बाटल्या विकता यायला लागल्या, पंखे आले. पण पाहुण्यांना रात्री बेटावर राहायची परवानगी नाही. संध्याकाळच्या शेवटच्या बोटीनं सगळे परत जातात आणि धंदा तिथेच थांबतो. दुखणं-खुपणं झालं, बाळंतीण अडली, तर रस्ता एकच, बोटीचा. पावसाळ्यात समुद्र खवळला की तोही धड नाही. जागतिक वारशाच्या गावात राहणं ऐकायला मोठं वाटतं. राहणाऱ्याला विचारलं की पहिलं वाक्य बोटीबद्दल येतं.

पायऱ्यांच्या वाटेवर काही बाया नऊवारी नेसून, डोक्यावर पितळी हंडे रचून उभ्या राहत. पाहुणे फोटो काढत, दहा-वीस रुपये देत. गाईडच्या पुस्तकांतही त्यांचे फोटो आहेत. ही खरी संस्कृती नाही, नाटक आहे, असं म्हणून नाक मुरडणारे मी ऐकले आहेत. मला तसं वाटत नाही. त्या बायांच्या आयांनी खरोखरच हंडे वाहिले होते, तेव्हा कोणी त्यांना एक पैसा दिला नाही. लेकींनी रिकामे हंडे डोक्यावर घेऊन पैसे मिळवले. यात फसवाफसवी कुठे आहे? उलट त्या फोटोखाली त्यांचं नाव छापलं नाही, एवढीच मला खंत आहे.

पुढल्या वेळी जाणार असाल तर काही गोष्टी सांगून ठेवते. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस धरू नका. गेटवेहून पहिल्या बोटींपैकी एखादी पकडा, म्हणजे वेळ मिळेल. बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगावर घाला, मांडीवर ठेवू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या बोटीला भर समुद्रात दुसऱ्या बोटीची धडक बसून १५ माणसं गेली, म्हणून सांगते. मुख्य लेणं पाहून झालं की तिथल्या पहारेकऱ्याला किंवा गावातल्या माणसाला स्तूप टेकडीची वाट विचारा, आज तिकडे जाऊ देतात का तेही विचारा. एकटीदुकटीनं जाऊ नका, पाच-सहा जणी मिळून जा. वाट रानातली आहे, चपला पायात घट्ट बसणाऱ्या हव्यात, पाणी जवळ हवं, आणि माकडांपुढे खायची पिशवी उघडायची नाही. सीताबाईच्या देवळाच्या पडवीत थोडं बसा. माथ्यावर गेलात तर स्तूपाच्या विटांवर चढू नका, उचलूनही आणू नका.

वरून पूर्वेला पाहिलं की खाली मोराबंदराची कौलं दिसतात, त्यापलीकडे बंदरातल्या क्रेन, आणि उत्तरेला २०२४ मध्ये सुरू झालेला समुद्रावरचा अटल सेतू. तिथून गाड्या मुंबईहून उरणकडे धावतात. बेटाला तो टेकत नाही. मोराबंदरच्या बाईला उरणच्या बाजारात जायचं तर अजून बोटच लागते. खाली उतरून त्यांच्यापैकी कोणाकडे चहा घ्या, चार बोरं विकत घ्या, आणि विचारा, बाई, तुमच्या आजीच्या वेळी पाणी कुठून आणायच्या? शेवटच्या बोटीला तेव्हा तासभर तरी बाकी असू द्या, कारण उत्तर लांबेल.